गोडो इंजिनातील चित्र-संपादनाची साधने: ग्राफ पेपरवर काम केलेल्या माणसाला ती का अडतात?

तटबंदी (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात फिरत कोडी सोडवायची, असा एक छोटा द्विमितीय खेळ मी गेल्या पावसाळ्यापासून सुट्टीच्या दिवशी गोडो इंजिनात, म्हणजे खेळ तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, करतो आहे. कोड माझा, तट, बुरूज, पायऱ्या आणि सिद्धेश्वर तलावाचा काठ ही चित्रे आमच्या शेजारचे काका काढून देतात. काकांची नोकरीची सगळी वर्षे पूर्व भागातल्या एका कारखान्यात जॅकार्ड मागांसाठी चादरीची नक्षी ग्राफ पेपरवर भरण्यात गेली. मोर, कमळ, हत्ती, सगळे चौकोन मोजून. त्यामुळे टाइलमॅप (टाइल्स, म्हणजे छोटी चौकोनी चित्रे, जाळीत मांडून केलेला नकाशा) म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावेच लागले नाही. मी पडद्यावर जाळी उघडली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि एवढेच विचारले, "रिपीट किती घरांचा?" रिपीट म्हणजे नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा.

अडचण त्यानंतर सुरू झाली. दगडी भिंतीसाठी लागणाऱ्या ४७ टाइल्स काकांनी दोन संध्याकाळी काढल्या, आणि त्याच टाइल्सना 'टेरेन'चे नियम लावायला मला चार संध्याकाळी लागल्या. ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: भिंत रंगवताना कोपऱ्यात कोपऱ्याची आणि कडेला कडेची टाइल आपोआप बसावी म्हणून प्रत्येक टाइलच्या पोटातल्या नऊ चिमुकल्या घरांत, म्हणजे मधल्या एका आणि भोवतालच्या आठ घरांत, माउसने रंग भरून 'या बाजूला भिंतच असेल तर मला बसव' असे सांगावे लागते. माझ्याकडून एका टाइलच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातले एक घर भरायचे राहिले आणि सरळ भिंतीच्या मध्येच तुटका कोपरा उगवू लागला. चूक कोणत्या टाइलमध्ये आहे हे संपादक सांगत नाही. तो त्यातल्या त्यात जवळची टाइल बसवतो आणि गप्प राहतो.

या काळात काकांनी माझ्याकडे तीन गोष्टी मागितल्या. नक्षीचा अर्धा भाग काढल्यावर उरलेला अर्धा समोरून आपोआप उमटावा, असा आरसा त्यांना हवा होता. एक रिपीट ठरवून दिल्यावर त्यातला एक चौकोन बदलला की सगळीकडे तो बदलावा, ही दुसरी मागणी. तिसरी मागणी मला सर्वात रास्त वाटली: बुरुजासारखी उंच टाइल तिच्या घरात वर-खाली सरकवायची असेल तर चित्राला हात लावून सरकवता यावी, 'टेक्श्चर ओरिजिन' नावाच्या रकान्यात उणे अठरा, उणे बावीस असे आकडे टाकून बघत बसावे लागू नये.

माझा प्रश्न असा आहे की यांतले काय इंजिनात असायला हवे, काय प्लगइनने (इंजिनाला वरून जोडायच्या छोट्या कोडने) भागेल, आणि हे सगळे विकासकांसमोर कसे मांडले तर त्याचा विचार होईल?

शेंगाचटणी | रविवार, रात्री ९.३२

चादरींच्या गावातून धागा निघाला, हे योग्यच झाले. मात्र धागाकर्ता तुम्हाला म्हणायचे की काकांना, एवढे आधी स्पष्ट करावे.

कंपाइलर_कट्टा | रविवार, रात्री १०.४८

प्रश्न चांगला मांडला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट आवृत्तीची. तुमचा प्रकल्प जुना असेल आणि त्यात अजून 'टाइलमॅप' नोड (गोडोत खेळ ज्या सुट्या घटकांचा बनतो त्यांतला एक) असेल, तर तो आधी बदलून घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ४.३ आवृत्तीपासून तो नोड कालबाह्य ठरवला आहे आणि प्रत्येक थरासाठी स्वतंत्र 'टाइलमॅपलेयर' नोड आला आहे. जुन्या नोडचे थर वेगळे करून देणारी सोय संपादकातच आहे. हा बदल वरवर किरकोळ दिसतो, परंतु थर हे सीनच्या झाडात (दृश्यातल्या नोडांच्या यादीत) इतर नोडांसारखे दिसू लागल्याने ते लपवणे, कुलूप लावणे आणि त्यांचा क्रम बदलणे ही कामे सोपी झाली.

दुसरी गोष्ट ४७ या आकड्याची. भोवतालची आठ घरे म्हणजे २५६ शक्यता होतात. पण कोपऱ्याचे घर त्याच्या दोन्ही लगतच्या बाजू भरलेल्या असतील तेव्हाच धरायचे असे ठरवले की त्या ४७ वर येतात. तुमच्या भिंतीला आतले कोपरे फारसे नसतील तर फक्त बाजू जुळवणारी पद्धत निवडा, म्हणजे १६ टाइल्समध्ये काम होते. बुरुजाच्या टाइलला तर टेरेनचे नियम लावूच नका. तो हाताने ठेवायचा दागिना आहे. एकसारखे नियम असलेल्या दोन टाइल्स असल्या की इंजिन त्यांच्यातून 'प्रोबॅबिलिटी'च्या प्रमाणात कोणतीही एक उचलते, आणि मग बुरूज वाटेल तिथे उगवतो.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची आहे. गोडोचा संपादक हा गोडोच्याच नोडांनी बांधलेला आहे. ज्या बटणांनी आणि फलकांनी आपण खेळाचा मेनू करतो त्यांनीच संपादकाचा मेनू झाला आहे. त्यामुळे काकांचा आरसा ही एका शनिवारची गोष्ट आहे, त्यासाठी इंजिन सी प्लस प्लसमधून नव्याने बांधण्याची गरज नाही. रिपीटची मागणी अवघड आहे, कारण टाइलसेटच्या (टाइल्सच्या संचाच्या) पॅटर्नच्या खान्यात साठवलेला नमुना नकाशावर उमटवला की मूळ नमुन्याशी त्याचे नाते उरत नाही. ओरिजिन हाताने सरकवण्याची मागणी मात्र इंजिनाच्या गाभ्यातच जायला हवी.

हट्टी_वापरकर्ता | रविवार, रात्री ११.२०

मला या मागण्यांच्या मुळाशीच शंका आहे. इंजिनाचे काम खेळ चालवणे हे आहे, चित्रकाराचे लाड पुरवणे नव्हे. नकाशे काढण्यासाठी 'टाइल्ड' हा मुक्त स्रोत संपादक कित्येक वर्षे उपलब्ध आहे आणि तो उत्तम आहे. 'एलडीटीके' या दुसऱ्या नकाशा-संपादकात तर आपोआप टाइल बसवण्याचे नियमसुद्धा चित्रानेच सांगता येतात: छोटी जाळी उघडायची, कोणत्या घरात भिंत हवी आणि कोणत्या घरात नको ते टिचकीने दाखवायचे, आणि मधल्या घरात काय बसवायचे ते निवडायचे. ही साधने असताना गोडोने तेच पुन्हा करावे असा आग्रह धरणे म्हणजे घरात विहीर असताना नळासाठी अर्ज करण्यासारखे आहे.

पार्कचौक | रविवार, रात्री ११.२६

सोलापुरात राहून तुम्ही नळाचे उदाहरण दिलेत, त्यावरून तुमच्या धैर्याची कल्पना येते. आमच्याकडे पाणी किती दिवसांआड येते हे मी इथे लिहीत नाही, विषयांतर होईल.

तटबंदी | सोमवार, सकाळी ७.०५

@कंपाइलर_कट्टा, मनःपूर्वक आभार. बुरुजाचे नियम काढून टाकले आणि त्याचे उगवणे तत्काळ थांबले. नसलेल्या नियमाचाही उपयोग होतो, हे मला सुचले नव्हते.

@हट्टी_वापरकर्ता, मी सुरुवात टाइल्डपासूनच केली होती. तिथे नकाशा काढणे सुखाचे होते. पण दाराला कोड जोडायचा, पहारेकरी किती अंतरावरून पाहतो ते ठरवायचे, दिव्याचा उजेड भिंतीवर कसा पडतो ते बघायचे, या प्रत्येक गोष्टीसाठी पुन्हा गोडोत यावे लागे. दोन फाइली, दोन आवृत्त्या, आणि काकांनी टाइलचा आकार बदलला की दोन्हीकडे दुरुस्ती. भिंतीच्या टक्करीची सीमा (पात्र जिथे अडते ती) तर मी तीन वेळा काढली.

हट्टी_वापरकर्ता | सोमवार, सकाळी ९.१०

टक्करीची सीमा प्रत्येक टाइलला हाताने काढत असाल तर तो दोष साधनाचा नाही. टाइलसेटच्या फलकात सीमेचा बहुकोन काढण्याच्या ठिकाणी 'एफ' दाबल्यास पूर्ण टाइलएवढी सीमा एका क्षणात मिळते आणि ती इतर टाइल्सवर रंगासारखी फिरवता येते. मदतपुस्तिका वाचण्याला अजून तरी पर्याय निघालेला नाही.

नवशिकी | सोमवार, दुपारी १.४०

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गोडो शिकून मला चारच महिने झाले आहेत. 'एफ'ची युक्ती मला आज या धाग्यावर कळली, आणि याआधी मी दोन दिवस एकेक कोपरा ओढत बसले होते. जे बटण पुस्तिका वाचल्याशिवाय दिसत नाही, ते सापडले नाही याचा दोष नवख्याला द्यावा का, हा प्रश्न मी नम्रपणे विचारते.

माझी आणखी एक तक्रार आहे. माझ्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा आहे. टाइलमॅपचा खालचा फलक उघडला, उजवीकडे इन्स्पेक्टर (निवडलेल्या नोडचे गुणधर्म दाखवणारा फलक) आणि डावीकडे सीनचे झाड असले, की नकाशासाठी मध्ये जी जागा उरते तिच्यात किल्ला सोडा, किल्ल्याचे दारसुद्धा मावत नाही. बहुतेक साधने मोठ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसांनी तयार केली आहेत असे सारखे जाणवते.

शेवटचा प्रश्न: ज्यांना कोड येत नाही त्यांच्यासाठी गोडोत पूर्वी चौकोन जोडून कोड लिहिण्याची सोय होती असे ऐकले. ती का काढून टाकली?

कंपाइलर_कट्टा | सोमवार, रात्री ९.५५

@नवशिकी, तुमचा प्रश्न धाग्याच्या विषयाला धरूनच आहे.

'व्हिज्युअलस्क्रिप्ट' ही ती सोय जानेवारी २०१८ मध्ये ३.० आवृत्तीबरोबर आली आणि मार्च २०२३ च्या ४.० आवृत्तीत नव्हती. ती वापरणारे थोडे होते, सांभाळणारे त्याहून थोडे होते; परंतु मला त्यामागचे खरे कारण रचनेत दिसते. तिच्यातला एक चौकोन म्हणजे जीडीस्क्रिप्ट या गोडोच्या भाषेतली जवळजवळ एक ओळ होती. जो माणूस ओळ लिहू शकत नाही त्याला तीच ओळ चौकोनात घालून दिली, तर त्याचे कष्ट कमी होत नाहीत. उलट वायरींचा गुंता वाढतो. 'दार उघड', 'पहारेकऱ्याला सावध कर' अशा पातळीचे चौकोन तिच्यात तयार मिळत नव्हते. आज ज्यांना तशा पद्धतीने काम करायचे आहे त्यांच्यासाठी 'ऑर्केस्ट्रेटर' नावाचे प्लगइन आहे.

याउलट 'व्हिज्युअल शेडर'चे, म्हणजे पडद्यावरचा रंग-उजेड ठरवणारा कोड चौकोन जोडून लिहिण्याच्या सोयीचे, पाहा. ३.० मध्ये तेही गळाले होते. पण २०१९ च्या ३.१ मध्ये परत आले आणि टिकले. तिथे चौकोनाखालीच रंग कसा दिसतो त्याचा तुकडा दाखवता येतो, वायर जोडताच फरक डोळ्यांना दिसतो. जे साधन परिणाम दाखवते ते चित्राचे साधन. जे फक्त मजकुराला पेटीत घालते त्याला मी चित्राचे साधन म्हणत नाही. टेरेनच्या नऊ घरांची अडचणसुद्धा हीच आहे: रंग भरताना परिणाम दिसत नाही, तो नंतर नकाशावर जाऊन शोधावा लागतो.

लहान पडद्यासाठी तात्पुरता उपाय सांगतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-११ एकत्र दाबल्यास बाजूचे डॉक (फलक) लपतात, आणि संपादकाच्या सेटिंगमध्ये 'डिस्प्ले स्केल' कमी केल्यास अक्षरे बारीक होऊन जागा वाढते. हा उपाय डोळ्यांच्या खर्चाने होतो, हे मान्य आहे.

आडवाउभा | मंगळवार, सकाळी ११.१५

आमच्या घरी दोन पिढ्या माग होते, म्हणून एका बाबतीत धागाकर्त्याशी सविस्तर असहमती नोंदवतो.

जॅकार्डचे काम कसे चालत असे ते आधी पाहू. डिझाइन काढणारा ग्राफ पेपरवर चौकोन भरत असे. उभ्या ओळी म्हणजे ताणा, आडव्या ओळी म्हणजे बाणा. नक्षीची आडवी ओळ वाचून तिच्याप्रमाणे पुठ्ठ्याला भोके पाडली जात. भोक असेल तिथला हुक उचलला जाई आणि त्याच्याबरोबर ताण्याचा धागा वर येई, भोक नसेल तिथला धागा खाली राही. असे पुठ्ठे एकमेकांना शिवून त्यांची माळ मागावर चढत असे. फ्रान्समध्ये १८०४ साली जॅकार्ड यांनी ही युक्ती यंत्रात बसवली, आणि आता पुठ्ठ्यांच्या जागी संगणकाची फाइल आली तरी तत्त्व तेच आहे.

आता माझा मुद्दा. आमच्याकडे ग्राफ भरणारा माणूस वेगळा आणि भोके पाडणारा माणूस वेगळा होता. ग्राफवाल्याने कधी पुठ्ठ्याला हात लावला नाही, आणि पुठ्ठेवाल्याने कधी मोर काढला नाही. दोघांच्या मध्ये ग्राफ पेपर होता, आणि तो दोघांनाही वाचता येत असे. तुमच्या काकांना टेरेनची घरे भरता येत नाहीत, यात नवल नाही; ती पुठ्ठ्याची भोके आहेत आणि ते त्यांचे काम कधीच नव्हते. तुम्ही भोके मोठी आणि सुबक करून मागत आहात. माझ्या मते मधला ग्राफ पेपर मागायला हवा. काकांनी भिंतीचा एक छोटा, संपूर्ण, अचूक नमुना हाताने मांडून दाखवावा आणि कोणत्या टाइलशेजारी कोणती टाइल येते हे यंत्राने त्यावरून वाचावे.

कंपाइलर_कट्टा | मंगळवार, दुपारी १२.०२

@आडवाउभा, हा प्रतिसाद वाचून हातातले काम थांबवले. नमुन्यावरून शेजाराचे नियम काढण्याची पद्धत अस्तित्वात आहे. 'वेव्ह फंक्शन कोलॅप्स' या नावाने २०१६ साली प्रसिद्ध झालेली कार्यपद्धती छोटे चित्र वाचते आणि त्याच शेजारांचे मोठे चित्र तयार करते. इथे तर नवीन चित्र तयार करण्याचीही गरज नाही, फक्त वाचायचे आणि नऊ घरे भरायची. नमुन्यात प्रत्येक टाइल किमान एकदा यायला हवी, आणि एकच टाइल दोन वेगळ्या शेजारांत आढळली तर संपादकाने लाल चौकट दाखवून विचारावे. धागाकर्त्याचा विसरलेला कोपरा यात लपलाच नसता.

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी १२.१०

दोनशे वर्षांपूर्वीच्या मागाने इंजिनाला सल्ला दिला, आणि तो ऐकला गेला. काकांना आता तरी धागाकर्ता म्हणावे.

जुळे_सोलापूर | मंगळवार, रात्री १०.३०

प्लगइन लिहिणे ही 'एका शनिवारची गोष्ट' आहे असे वर म्हटले आहे. माझा एक शनिवार कसा गेला ते सांगतो, म्हणजे इतरांचा वाचेल.

गड्ड्याच्या यात्रेवरचा एक खेळ मी करत होतो. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर दिवे ओळीने मांडण्यासाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली आणि ती संपादकातच चालावी म्हणून पहिल्या ओळीत '@टूल' लिहिले. त्याच स्क्रिप्टमध्ये खाली, खेळ सुरू झाल्यावर जुने दिवे काढून टाकण्याची एक ओळ होती. सीन उघडताच संपादकाने ती ओळही इमानेइतबारे चालवली. मी हाताने मांडलेले सगळे दिवे गेले, मला ते दिसले नाही, आणि सवयीने कंट्रोल-एस दाबले. स्क्रिप्टने केलेले बदल आपण मुद्दाम नोंदवल्याशिवाय संपादकाच्या अनडू-इतिहासात जात नाहीत, त्यामुळे मागे फिरण्याचा रस्ताही नव्हता. वीज गेल्यासारखा दहा मिनिटे नुसता बसून होतो.

आता मी 'आपण संपादकात आहोत की खेळात' हे विचारणारी अट अशा प्रत्येक स्क्रिप्टमध्ये आधी लिहितो आणि गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) नोंद केल्याशिवाय '@टूल'ला हात लावत नाही. माझी मागणी एवढीच आहे की संपादकात चालणाऱ्या स्क्रिप्टने नोड पुसले, तर संपादकाने निदान एकदा तोंडाने सांगावे.

मुक्तछंद | बुधवार, सकाळी ८.२०

टाइल्सवरच चर्चा चालू आहे, म्हणून अक्षरांकडे लक्ष वेधतो; खेळ मराठीत असेल तर तीही चित्रेच आहेत.

३.५ पर्यंत गोडोत देवनागरी लिहिणे ही शिक्षा होती. 'किल्ला' लिहिले की पहिली वेलांटी 'क'च्या मागे न येता पुढे येई, ती 'ल'ला चिकटल्यासारखी दिसे, आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेला 'ल्' उघडा पडे. ४.० मध्ये अक्षरांची जोडणी करणाऱ्या 'हार्फबझ' या लायब्ररीचा वापर करणारी नवी मजकूर-व्यवस्था आली आणि हा प्रश्न सुटला. देवनागरी अक्षरे असलेला 'मुक्ता'सारखा फाँट थीममध्ये दिला की इन्स्पेक्टरच्या रकान्यात टंकलेला मजकूर सीनमध्ये जसाच्या तसा उमटतो.

एक खाच मात्र राहते. संवाद टंकल्यासारखा एकेक अक्षराने उमटवायचा असेल तर मूळ सेटिंगमध्ये अक्षरे जोडणीच्या आधी मोजली जातात. त्यामुळे 'सिद्धेश्वर' उमटताना आधी 'स', मग 'सि', मग 'सिद', मग 'सिद्' असे अडखळत येते. लेबलच्या गुणधर्मांत 'व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेव्हियर' नावाची यादी आहे. तिथे जोडणीनंतर मोजण्याचा पर्याय निवडावा. ही सोय आहे, चांगली आहे, आणि ती अशा ठिकाणी आहे की मराठी माणसाला ती चुकूनच सापडेल.

हट्टी_वापरकर्ता | बुधवार, सकाळी ९.४५

मी इथे विरोध करायला आलो होतो आणि माझ्या खेळातले अडखळणारे संवाद दुरुस्त करून परत निघालो आहे. सोय इन्स्पेक्टरमध्ये आहे पण सापडत नाही, हा नवशिकी यांचा मुद्दा मी मान्य करतो. सगळेच गाभ्यात घालावे हे मात्र मला अजूनही मान्य नाही.

पार्कचौक | बुधवार, रात्री १०.१५

मूळ प्रश्नाचा तिसरा भाग, म्हणजे मांडायचे कसे, अजून कोणी घेतलेला नाही. मी दोनदा प्रस्ताव पाठवले आहेत. पहिला अर्धवट लिहिल्यामुळे बंद झाला आणि दुसऱ्यावर चर्चा झाली.

गोडोसाठी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर प्रस्तावांचे वेगळे भांडार आहे. तिथला अर्ज आधी विचारतो की तुम्ही कोणता खेळ करत आहात, मग विचारतो की अडचण काय आली, आणि त्यानंतरच उपाय मांडू देतो. पुढचे दोन प्रश्न बहुतेकांना गाळतात: हे काम चार ओळींच्या स्क्रिप्टने भागणार नाही का, आणि हे प्लगइन म्हणून न राहता इंजिनातच का असावे? 'आरसा हवा' असा प्रस्ताव या दोन प्रश्नांवर पडेल, कारण आरसा प्लगइनने होतो. उंच टाइल हाताने सरकवण्याचा प्रस्ताव टिकू शकेल, कारण टाइलसेटच्या फलकात बाहेरच्या प्लगइनला नीट शिरता येत नाही. त्यात हाताने काढलेले चित्र जोडा: पकडायचा ठिपका कुठे असेल, ओढताना काय दिसेल. काकांकडून ग्राफ पेपरवर काढून घेतले तर आणखी चांगले. तिन्ही मागण्या एका प्रस्तावात कोंबू नका आणि आधी जुने प्रस्ताव शोधा. तीच मागणी कोणी केलेली असेल तर तिथेच आपला अनुभव लिहिणे अधिक उपयोगी पडते.

तटबंदी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८.४०

उशिराबद्दल क्षमस्व. या काळात दोन गोष्टी झाल्या.

आरशाचे प्लगइन लिहिले. डॉकमध्ये एक बटण आहे; ते दाबले की मधल्या रेषेच्या डाव्या बाजूच्या टाइल्स वाचून उजव्या बाजूला उलट्या करून मांडल्या जातात. मला वाटले काम झाले. काकांनी पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "ऊन दोन्हीकडून येतंय." खरेच होते. त्यांनी प्रत्येक दगडाची सावली उजवीकडे काढली होती. टाइल उलटताच उजव्या तटावरची सावली डावीकडे गेली आणि किल्ल्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सूर्य असल्यासारखे दिसू लागले. म्हणजे टाइल उलटून भागत नाही, तिच्या जोडीची टाइल बसवावी लागते. डाव्या कडेच्या जागी उजव्या कडेची, जी काकांनी वेगळी काढलेलीच आहे. आता टाइलसेटमध्ये 'कस्टम डेटा'चा एक थर करून प्रत्येक टाइलच्या जोडीदाराचा पत्ता त्यात लिहिला आहे. ते पत्ते काकांनीच सांगितले, मी टंकले.

दुसरे म्हणजे टेक्श्चर ओरिजिनच्या प्रस्तावाचा मसुदा तयार आहे. काकांनी ग्राफ पेपरवर बुरूज काढून त्याच्या पायथ्याशी एक लाल ठिपका दिला आहे आणि शेजारी बाण दाखवला आहे. @पार्कचौक, आपण एकदा नजर घालावी ही विनंती. @आडवाउभा, नमुन्यावरून नियम वाचण्याचे काम मी आणि नवशिकी मिळून प्लगइन म्हणून सुरू करतो आहोत. नमुना-भिंत काकांनी १२ बाय ९ घरांत बसवली आहे.

एक अडचण मात्र राहिली आहे. आरसा चुकीचा पडला आणि मागे घ्यायचे असले, तर कंट्रोल-झेड दाबल्यावर एकच टाइल मागे जाते. काल १४० वेळा दाबावे लागले. काकांचे म्हणणे आहे की विणण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो असा माग त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

कंपाइलर_कट्टा | रविवार, रात्री ९.०२

तुम्ही प्रत्येक टाइलसाठी वेगळी कृती नोंदवत आहात. अनडू-व्यवस्थापकाला 'कृती सुरू' हे टाइल्सच्या फेऱ्याच्या आधी एकदा सांगा, फेऱ्याच्या आत प्रत्येक टाइलचे नवे आणि जुने मूल्य फक्त नोंदवत जा, आणि 'कृती पूर्ण' हे फेरा संपल्यावर एकदा सांगा. जुने मूल्य टाइल बदलण्याआधी वाचा, नाहीतर मागे जाऊन पुन्हा तेच मिळेल.

तटबंदी | रविवार, रात्री ९.४७

झाले. एका दाबात संपूर्ण उजवा तट उसवतो. काकांनी तो चार वेळा उसवला, पाचव्यांदा तसाच राहू दिला आणि तलावाच्या काठाची टाइल मागितली.

शेंगाचटणी | रविवार, रात्री ९.५०

त्या काठाला रिपीट किती घरांचा आहे, ते कृपया कळवावे.